आंतरपाट

आपल्या साहित्यात भिंतीविषयी कुणी फारसं चांगलं बोललेलं नाही. ज्ञानदेवांनी चालवली ती एक सोडली, तर बाकीच्या साऱ्या भिंती पाडण्यासाठीच असतात, असं आम्ही मराठीचे प्राध्यापक वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो आहोत. पण न पाडण्याच्या भिंतीचीही एक थोरवी असते, हे मला माझ्या भाच्यानं शिकवलं.

भाचा पुण्यात इंजिनिअर आहे. बॉयलरचा दाब, भट्टीचं तापमान ही मापं ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपानं येतात. त्यांचे आकडे करून यंत्राच्या मेंदूला कळवणारं मॉड्यूल तो तयार करतो. त्यातले ते ४ मला फार आवडले. शून्य मापालाही ४चा प्रवाह. खरोखरच शून्य आलं, तर तार तुटली असं समजायचं! ‘काही सांगण्यासारखं नाही’ आणि ‘सांगणाराच उरला नाही’ यांतला भेद आमच्या व्याकरणालाही इतका नेमका साधलेला नाही.

कामगारांच्या माहितीपुस्तिकेसाठी त्याला ‘डिजिटल आयसोलेटर’ला मराठी शब्द हवा होता. मी म्हटलं, “अरे, आधी ही वस्तू करते काय ते सांग.”

“मामा, कारखान्यात दोन ठिकाणच्या अर्थिंगचा दाब सारखा नसतो. दोन्ही थेट जोडली की नको तो प्रवाह वाहतो, माप बिघडतं. कधी मोठा झटकाही येतो. म्हणून मध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा नाहीतर पॉलिइमाइडचा पातळ पडदा. निरोप पलीकडे जातो, वीज जात नाही.”

असा पडदा निवडणं म्हणजे स्थळ पाहण्याइतकंच चिकित्सेचं काम. बहुधा निरोपाच्या चार वाटा लागतात. तीन एका दिशेच्या, एक उलट. निरोप जाऊन उत्तर येण्यात उशीर होता कामा नये. एका बाजूची वीज गेली, तर दुसरी बाजू काय बोलेल, तेही ठरलेलं हवं. शिवाय दोन्ही बाजूंचा वीजपुरवठाही वेगळा हवा. नाहीतर भिंत बांधून मागचं दार उघडं!

सध्या वाद आहे तो किमतीचा. खरेदीविभागाला स्वस्त चिप हवी आहे. दोन्ही चिपा २५०० व्होल्ट सोसतात, मग महाग कशाला?

“तो एका मिनिटाच्या परीक्षेचा आकडा आहे, मामा,” भाचा म्हणाला. “रोज, वर्षानुवर्षं किती सोसेल, तो आकडा निराळा. स्वस्त चिपेत तो फार कमी आहे. दोन बाजूंच्या पायांतलं अंतरही कमी. आणि अलीकडे माणूस हात लावतो.”

तासाभराच्या परीक्षेवरून मुलांचं आयुष्य ठरवणाऱ्या मला हे चांगलंच पटलं.

पुस्तिकेसाठी मी ‘विलगक’ असा सरळ शब्द दिला. मनात मात्र ‘आंतरपाट’ होता. मंगलाष्टकं दोन्हीकडे ऐकू येतात, माणसं आपापल्या जागी राहतात. फरक एवढाच, की हा आंतरपाट शेवटच्या अक्षतेलाही दूर करायचा नाही.

कागदावर त्यानं अजून सही केलेली नाही. बढती तोंडावर आली आहे. परवा ताईचा फोन आला, “अरे, तुझं ऐकतो तो. तूच समजाव त्याला.”

मी काही त्याला समजावणार नाही.