तो नेकार, ती डोनाउ

श्टुटगार्टला आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही बाड कानश्टाटच्या पुलावर गेलो. खाली नेकारचं हिरवट पाणी, संथ चाललेली एक मालवाहू बोट आणि दूर उतारावर द्राक्षांचे मळे. मी सवयीने म्हणाले, "किती शांत आहे ही!" नवरा माझ्याआधी वर्षभर येऊन जर्मन शिकला होता. त्याने लगेच दुरुस्ती केली, "ही नाही, हा! डेर नेकार."

नदी आणि 'हा'? गंगा, गोदा, कृष्णा यांना आई म्हणणाऱ्या मुलखातून मी आले होते. ब्रह्मपुत्र हा 'नद' आहे, हे शाळेत एका गुणाच्या प्रश्नापुरतं शिकलो होतो. इथे नेकार, माइन, ऱ्हाइन सगळे बापे!

मग रीतसर वर्ग सुरू झाला. डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी. 'डास चावला' हा विनोद तुमच्यासारखाच मीही करून घेतला. वर्गात माझ्या शेजारी एक तुर्की मैत्रीण बसायची. तिच्या भाषेत तो आणि ती यांना एकच सर्वनाम. पलीकडच्या इटालियन मुलाकडे लिंगं दोन. तिन्ही लिंगं घरूनच घेऊन आलेली मी एकटी, त्यात मराठीची एम.ए. आणि सात वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. मला वाटलं, आपण हा हा म्हणता पुढे जाऊ.

सुरुवात छानच झाली. घर ते, डास हाउस. पाणी ते, डास वासर. मीठ ते, मूल ते, पुस्तक ते. जर्मनमध्येही सगळे डास. चहा आणि भात दोन्हीकडे 'तो'. पण पुढे साखर 'तो' झाली, दूध 'ती' झालं आणि सूर्य चक्क बाई निघाला, डी झोनं! जेवणाच्या टेबलावर चमचा पुरुष, काटा स्त्री आणि सुरी नपुंसक. त्यातही 'काट्याने' म्हणायचं झालं, की डी गाबेलची 'मिट डेर गाबेल' होते. घोडा हा 'घोड्याने' का होतो, हे मुलांना फळ्यावर समजावताना आपण केवढं ओझं देतोय, याची तेव्हा कल्पना नव्हती.

नियम आहेत, नाही असं नाही. शेवटी 'उंग', 'हाइट', 'काइट' आलं की डी. शेवटी लाडाचा 'शेन' आला की डास, म्हणून मुलगी म्हणजे 'डास मेडशेन'. यावर वर्गात सगळ्या बायका चिडल्या. मी मात्र चिडले नाही. माझं माहेर कुडाळचं. आजी मला शोधताना हाक मारायची, "आमचा चेडू खंय गेला?" आमच्या मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच. डेर झे म्हणजे तळं आणि डी झे म्हणजे समुद्र, हेही मला लगेच पटलं. 'तो वेळ' आणि 'ती वेळ' आपल्याकडे कुठे एक आहेत?

घरभर चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर निळी, दारावर लाल, खिडकीवर हिरवी. शब्द पाठ झाले, पण बोलणं मात्र कमी होत गेलं. लेकीच्या किंडरगार्टनमध्ये पालकसभा होती. ती दुपारी झोपत नाही, तिला त्या वेळी चित्रं काढू द्याल का, एवढंच विचारायचं होतं. मी मनात वाक्य जुळवलं, प्रत्येक नामाचा आर्टिकल तपासला, विभक्ती तपासली. तोवर विषय हिवाळी बुटांवर गेला होता. कुणी मला हसलं नव्हतं. हसतील या भीतीनेच मी गप्प बसले.

घरी येताना ट्राममध्ये मला ठाण्याच्या शाळेतला एक मुलगा आठवला. पाचवीतला, घरी हिंदी बोलणारा. एकदा उभा राहून म्हणाला, "बाई, माझी पुस्तक हरवली." वर्ग हसला. मीही हसले. वर 'माझे पुस्तक हरवले' हे दहा वेळा लिहायला लावलं. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी असतं, हे मला ठाऊक होतं. तो चुकला नव्हता, स्वतःच्या घराचं व्याकरण घेऊन आला होता. त्यानंतर वर्षभर त्याने हात वर केल्याचं मला आठवत नाही. पुस्तक सापडलं का, हेही मी विचारलं नाही.

माझी जीभ सैल केली ती खालच्या मजल्यावरच्या आजींनी. मी चुकीचा आर्टिकल लावून काही विचारलं, की त्या चूक दाखवत नाहीत. उत्तर देतानाच तो शब्द बरोबर लावून परत देतात. एकदा मात्र त्या म्हणाल्या, 'डेर बुटर'. पुस्तकात तर लोणी 'डी' आहे! मी धीर करून विचारलं. त्या हसून म्हणाल्या, श्वाबियन माणसाचं लोणी 'डेर'च असतं. म्हणजे इथेही प्रत्येक घराचं व्याकरण वेगळं! त्या दिवसापासून मी आधी बोलते आणि मग चुकते.

यंदा मे महिन्यात उल्मला गेलो होतो. तिथे डोनाउ भेटली. ती मात्र डी डोनाउ. अलीकडे बाडन-वुर्टेम्बर्ग, पलीकडे बव्हेरिया आणि मधून वाहणारी 'ती'. मला उगीचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. ढग सरले तशी लेक ओरडली, "आई, बघ, सूर्य आली!"

जिभेवर आलेलं 'आली नाही, आला' मी गिळलं. म्हटलं, "हो गं, आला सूर्य. टोपी घाल." थोड्या वेळाने ती आपली आपणच म्हणाली, "सूर्य गेला." पुढच्या वेळी पुन्हा 'गेली' म्हणेल. म्हणू दे.

गेल्या दिवाळीला खालच्या आजींकडे फराळाचं ताट घेऊन गेले होते. चकली मोडता मोडता त्यांनी विचारलं, "डेर, डी की डास दिवाली?" इतक्या वर्षांत आर्टिकल मला विचारणारं हे पहिलंच माणूस. शब्दकोश काय म्हणतो, हे बघायला मी थांबले नाही.

"डी," मी म्हणाले. "आमच्याकडे ती येते."