ताडपत्रीचा अर्थ

'स्वमग्न' हा शब्द मराठीच्या अध्यापकाला नवा नाही. कवीविषयी तो आपण बहुधा कौतुकाने वापरतो. तोच शब्द 'ऑटिझम'साठी रूढ झाला आणि वर्गातल्या मुलाला लागला, की कौतुक गळून पडते. शिक्का तेवढा उरतो.

भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यात आम्ही मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा होता. तास संपल्याची घंटा होई, गलका उठे, आणि तो दोन्ही कान झाकून म्हणे, "ताडपत्री आना, ताडपत्री आना." वर्ग हसे. वाक्य बिनचूक होते. प्रसंगाशी मात्र त्याचा संबंध दिसत नसे. उलगडा त्याच्या आईने केला. एका दिवाळीच्या तोंडावर कापलेल्या धानावर अवकाळी पाऊस आला होता. धावपळ, आरडाओरडा आणि सर्वांच्या तोंडी हेच वाक्य. तेव्हापासून जेथे भीती, तेथे ताडपत्री.

१९४३ साली अकरा मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचे वर्णन करणारे अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४६ च्या एका लेखात हेच मांडले आहे. या मुलांची असंबद्ध वाटणारी वाक्ये पुष्कळदा रूपके असतात; ज्या अनुभवातून ती आली तो सापडला, की अर्थ लागतो. मर्ढेकरांवर दुर्बोधतेचा आक्षेप आला, तेव्हा मराठी समीक्षेने संदर्भ शोधण्याचे कष्ट घेतलेच होते. कवितेला आपण जो धीर देतो, तो या मुलाला का देऊ नये?

अर्थ कळल्यावर करायच्या गोष्टी साध्या होत्या. घंटेपूर्वी दोन मिनिटे त्याला सूचना द्यायची. दिवसाचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि बदल असेल तर तो आधी दाखवायचा. बसायची जागा दारापासून दूर. 'कवीला काय म्हणायचे आहे?' याऐवजी 'कोण बोलते आहे? कोणाशी? कोणत्या ओळीवरून कळते?' असे प्रश्न. या प्रश्नांनी इतर मुलांचीही उत्तरे सुधारली, हे नमूद केले पाहिजे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आली, आणि शाळेने मुलाच्या गरजेनुसार सोयी करणे हे कर्तव्य ठरले. कायद्याने वर्गात बाक मिळतो. पण त्या बाकावरून बोललेले कोणाला समजले नाही, तर मूल पटावर राहते आणि शाळेतून नाहीसे होते.

म्हणून आम्ही एक वही ठेवली होती : डावीकडे त्याचे वाक्य, उजवीकडे अर्थ. दरवर्षी शिक्षक बदलतात आणि मुलाला आपली भाषा पुन्हा पहिल्यापासून समजावावी लागते. वर्ग बदलताना गुणपत्रकासोबत ती वही पुढच्या शिक्षकाच्या हाती गेली पाहिजे. शब्दकोश म्हणजे तरी आणखी काय असते?