वडिलांचा नंबर

स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल माझ्याशी पटकन बोलू लागतं, याचा मला अभिमान होता. स्वयंसेवक म्हणून माझी हातोटी तीच, आणि चूकही तिथूनच झाली. मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून तपशील बदलून सांगतो.

रेल्वे पोलिसांनी दहा-अकरा वर्षांचा मुलगा आमच्या मदत कक्षात आणून सोडला. वडापाव खाता खाता त्यानं गाव सांगितलं, वडिलांचा नंबरही सांगितला. संस्थेच्या ताई त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायची कागदपत्रं करत होत्या. त्यांना न विचारताच मी फोन लावला. वडील रडले, माझाही गळा दाटून आला. "उद्या बाबा येतायत तुझे," असं मी मोठ्या आनंदानं सांगितलं, तर त्यानं हातातला वडापाव खाली ठेवला. मग तो कुणाशीच बोलेना. घर का सोडलंस, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. मुलाला घरीच जायचं असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

पट्ट्यानं मार खाऊन तो पळाला होता. ही गोष्ट पुढे समुपदेशकांना कळली, तीही हळूहळू.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे न्यावं लागतं. घरची चौकशी १५ दिवसांत व्हावी लागते, आणि मुलाला कुठे पाठवायचं हे त्यानंतर ठरतं. प्रशिक्षणात हे ऐकलं होतं, पण मला ती दिरंगाई वाटायची. त्या दिवसांत कुणीतरी घरी जातं, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना भेटतं, आईला एकटीला गाठून विचारतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वडील आले, तरी समितीनं ताबा लगेच दिला नाही. चौकशीनंतर तो आजीकडे गेला. मधल्या काळात मी बालगृहात जाऊन त्याला पुन्हा पुन्हा "माझं चुकलं" म्हणत राहिलो. खरं तर ती माफी मला हवी होती. त्याच्यावर आणखी एका मोठ्या माणसाची समजूत काढायची वेळ मी आणली. शेवटी ताईंनी मला थांबवलं, ते योग्यच केलं.

आता मुलानं नंबर दिला की कागदावर लिहून तो ताईंच्या हातात देतो. आज रात्री झोपायचं कुठे, उद्या कोण भेटणार, एवढंच मुलाला सांगतो. घरी कधी जाणार असं विचारलं, तर ते मला ठरवता येत नाही, हेही सांगतो.