देव नळदुर्गाला गेलेत

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, अणदूर

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती सध्या अणदुरात नाही. वर्षातले सव्वादहा महिने ती इथल्या देवळात असते आणि पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गात, मैलारपूरच्या देवळात. मूर्ती एकच, ठाणी दोन. मार्गशीर्षात देव नळदुर्गाची वाट धरतात, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडेच भरते, आणि ती उरकली की माघारी येतात. मूर्ती नेता-आणताना दोन्ही गावांत लेखी करार होतो. देवाच्या येण्या-जाण्याचा वायदासुद्धा कागदावर असावा, ही इथल्या माणसांची समज मला मनापासून आवडली.

‘‘देव नळदुर्गाला गेलेत, माय. पुनव झाल्याबिगर येत न्हाईत,’’ मी जिच्या घरी उतरले आहे त्या आत्याबाई म्हणाल्या. घरातलं वडीलधारं माणूस कामानिमित्त परगावी गेल्यावर सांगावं, त्या सुरात. लगेच पुढे, ‘‘चहा टाकू का जेवतीस आधी?’’

मी आले आहे ती याच पावणेदोन महिन्यांसाठी. बाणाईशी खंडोबाचं लग्न नळदुर्गात लागलं असं इथे मानतात. म्हाळसा घरात असताना देव धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला, मेंढरं राखली, बाणाईच्या घरच्यांची बोलणी खाल्ली, ही कथा वाघ्या-मुरळ्यांनी जागरणातून गावोगाव पोचवली आहे. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला याहून मोठा ऐवज कुठे मिळणार? आमच्या मराठी प्रेमकादंबरीचा मुक्काम ना. सी. फडक्यांपासून बहुतेक शहरात राहिला. सुट्टी काढलीच तर थंड हवेच्या ठिकाणी. नायक-नायिका काळ्या रानात भेटली की ती कादंबरी ‘ग्रामीण’ ठरते आणि मग तिच्यात दुष्काळाशिवाय काही उरत नाही. दुष्काळ खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याच रानात माणसं एकमेकांवर जीव टाकतात, रुसतात, महिनोन्‌महिने वाट पाहतात. माझी पुढची नायिका इथली असणार, हे ठरवूनच बॅग भरली होती.

वेळ अमावस्या

आज गावात कुणी नाही. धाराशिव-लातूरकडे ही अमावस्या म्हणजे दिवाळीच्या तोलाचा सण. स्थानिक सुट्टी असते, दुकानं बंद, बाजारपेठ ओस, आणि ज्याला त्याला रानाची ओढ. ज्याला शेत नाही त्याला शेजारी हाताला धरून नेतो. लग्न होऊन गेलेल्या लेकी जावयांना घेऊन येतात, पुण्यात कंपनीत असलेली पोरं रात्रीच्या गाडीने उतरतात.

आत्याबाईंच्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड: हे पांडव. त्यांच्यापुढे ज्वारीची ताटं, फळं, आणि नैवेद्य. आंबील कालच ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवायला ठेवली होती. भज्जीसाठी बायका दोन दिवस शेंगा सोलत होत्या: तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, भुईमूग, वांगी, गाजर, पालेभाज्या, जे रानात आणि बाजारात हिरवं मिळेल ते. सगळं एकत्र शिजतं आणि बेसनाने मिळून येतं. सोबत बाजरीचे उंडे, धपाटे, आंबट भात, गव्हाची खीर. भज्जीचा पहिला घास तोंडात गेला की प्रत्येक दाणा आपापली चव वेगळी सांगतो. घाट्याचा आंबटपणा तर शेवटपर्यंत लपत नाही.

पूजा झाल्यावर मामा, म्हणजे आत्याबाईंचे यजमान, पिकाभोवती फेरी मारून आंबील शिंपडायला निघाले. दोघांची सत्तरी उलटली आहे. आत्याबाईंनी मामांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. ‘त्यांला’, ‘त्यांचं’, एवढ्यावर संसार झाला. मामा फेरी संपवून बांधावर टेकले तेव्हा धोतराच्या काठाला कुसळं भरली होती. आत्याबाई खाली बसून ती एकेक वेचू लागल्या. मामांनी मडक्यातून पेला भरला आणि स्वतः न पिता त्यांच्यापुढे धरला. ‘‘आधी तुमी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धर की,’’ मामा म्हणाले. पेला त्यांनी घेतला, अर्धा पिऊन परत दिला, आणि पुन्हा कुसळं वेचू लागल्या. हे सगळं जावई, सुना, नातवंडांच्या गर्दीत झालं आणि कुणाचं लक्षही गेलं नाही. हा प्रसंग कादंबरीत जसाच्या तसा जाणार आहे.

संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून पोरं पिकांच्या कडेने धावली. बांधाबांधावर असे जाळ फिरत होते. एका जाळामागे दोघंच होती, आणि ती बरीच मागे रेंगाळली होती. नवीन लग्न झालेली, असं नंतर कळलं.

पौष शुद्ध द्वितीया

सकाळी भोरड्या आल्या. निसवलेल्या शाळूवर थवा उतरतो तेव्हा ताटं खाली वाकतात. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्या-पंखांचे हे पाहुणे मध्य आशियाकडून येतात. तिकडे वीण उरकायची आणि हिवाळा आपल्या ज्वारीवर काढायचा, असा त्यांचा शिरस्ता. मामा माळ्यावर चढून गोफण फिरवतात. दाणा दुधात असताना भोरडी सर्वात जास्त नुकसान करते. मला ती देखणी वाटते आणि मामांना शत्रू, आणि दोघांचंही बरोबर आहे. दुपारपर्यंत मीही हुर्र करून घसा बसवून घेतला.

पौष शुद्ध तृतीया, नळदुर्ग

बोरी नदीला अडवून किल्ल्याच्या दोन भागांना, नळदुर्ग आणि रणमंडळाला, जोडणारा दगडी बांध आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिमच्या काळात, १६१३ साली पुरा झाला. त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की सांडव्यांवरून दोन धबधबे कोसळतात, नर आणि मादी. महालाच्या नक्षीदार खिडकीत उभं राहिलं की पाणी आपल्या समोरून खाली जातं आणि आपण कोरडे राहतो. आज धबधबे नव्हते. खिडकीत वटवाघळांचा वास होता आणि खाली संथ हिरवं पाणी. त्यावर एक खंड्या बराच वेळ एका जागी पंख मारत थांबला, मग सुळकन खाली गेला. काळा-पांढरा, कवड्या म्हणतात तो.

किल्ल्याचं नाव लोक नळराजाशी जोडतात. म्हणजे दमयंतीही आली. अर्ध्या वस्त्रावर झोपलेल्या बायकोला रानात टाकून गेलेला नवरा, आणि दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून त्याला परत खेचून आणणारी बायको. एवढी हिकमती नायिका आजच्या कादंबरीतही क्वचित सापडते.

पण मला इथे खेचून आणलं ते एका कादंबरीकारानेच. फिलिप मेडोज टेलर. निजामाने १८५३ साली हा मुलूख कंपनीकडे लावून दिला तेव्हा तो नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर म्हणून आला आणि १८५७ पर्यंत इथे राहिला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती. त्याची बायको मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामर या सावकाराची मुलगी, आणि त्या पामरची आई फैज बख्श बेगम. मेरी तो नळदुर्गाला येण्याआधीच वारली होती. म्हणजे या बुरुजांवर संध्याकाळी फिरणारा माणूस विधुर होता, दिवसभर महसुलाचे कागद बघणारा, आणि त्याच्या घरातच दोन जगांचं लग्न लागलेलं.

इंग्लंडला परतल्यावर १८६३ साली त्याने ‘तारा’ प्रसिद्ध केली. नायिका तुळजापूरच्या भवानीच्या पुजाऱ्याची मुलगी, बालविधवा, देवीला वाहिलेली मुरळी; नायक अफझलखानाचा मुलगा फाजल. काळ अफझलखानाच्या स्वारीचा. इतिहासाशी त्याने बरीच मोकळीक घेतली आहे, आणि आपल्याकडच्या अनेक गोष्टी साहेबाच्या चष्म्यातून पाहिल्या आहेत. हे सगळं मान्य करूनही मला त्याचं ऋण वाटतं. आमच्यापैकी कुणी या माळावरच्या पोरीला नायिका करण्याच्या कितीतरी आधी, एका परक्या माणसाने तिच्यासाठी तीन खंड लिहिले. विधवेला प्रेम करायचा हक्क दिला. आपल्याकडे बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, तीही विधवांच्या दुःखावर. पण तिथे सुधारणेचा कळवळा मोठा आहे. टेलरला तारा आधी आवडलेली आहे. हा फरक कादंबरीकाराला ओळीओळीत कळतो.

उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढून वर गेले. लांबलचक तोफा, वारा, आणि चारी बाजूंना सपाट मुलूख. इथून त्याने काय पाहिलं असेल ते बघायला फार कल्पना लागत नाही. शेतांचा आकार तेवढा बदलला असेल.

पौष शुद्ध पंचमी, तुळजापूर

भवानी निजली आहे. तुळजापूरची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरवून शेजघरात पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, आणि शाकंभरी नवरात्राआधीची ही मोहनिद्रा. महिषासुराला मारून आलेल्या देवीलाही थकवा येतो आणि तिच्या झोपेची काळजी गावाने घ्यायची असते, या कल्पनेत केवढं मार्दव आहे!

कल्लोळ तीर्थाच्या पायरीवर एक मध्यमवयीन बाई आणि तिचा नवरा बसले होते: ती त्याला सगळं समजावून सांगत होती, तो नव्याने आलेल्या माणसाच्या उत्सुकतेने मान हलवत होता. कर्नाटकातून आले होते. ती मराठीत बोलायची, तो कानडीत उत्तर द्यायचा. लग्नाला किती वर्षं झाली, विचारलं तर दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले आणि त्यावरून त्यांचं जे जुंपलं ते मी तिथून उठेपर्यंत चालू होतं.

पौष शुद्ध नवमी, नान्नज

पहाटे काळोखातच निघालो, सोलापूरला वळसा घालून. माळढोक अभयारण्य १९७९ चं. बी. एस. कुलकर्णी या पक्षिवेड्या माणसाने इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं नसतं तर हे गवत केव्हाच नांगराखाली गेलं असतं. माळढोकाचा नर विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट वर करतो आणि घुमतो. तो घुमा माळावर दूरवर जातो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. एवढ्या भरवशावर वंश चालवणारा पक्षी विजेच्या तारांपुढे आणि उसापुढे कसा टिकावा? अलीकडे इथे एखाददुसराच दिसल्याच्या बातम्या येतात. मला दिसला नाही. घुमणाऱ्याला ऐकायलाच कुणी उरलं नसेल तर, हा विचार मला दिवसभर पुरून उरला.

काळविटांचा कळप मात्र दिसला. पिळदार शिंगांचा एक काळा नर मान मागे टाकून माद्यांभोवती ऐटीत चालत होता.

आणि पाखुर्ड्या. ऊन वर आल्यावर पाणवठ्यावर त्या जोडी-जोडीने उतरल्या. मातकट रंग असा की बसल्या जागी दिसेनाशा होतात. वनखात्याच्या वाटाड्याने सांगितलं ते मी आधी वाचलं होतं, पण पक्षी समोर असताना ऐकण्याची गोष्ट वेगळी. पिल्लं असतात तेव्हा नर पाण्यात उतरून पोटाची पिसं भिजवून घेतो. ती पिसं स्पंजसारखी पाणी धरतात. मग तो तसाच उडत कोरड्या माळावरच्या पिल्लांकडे जातो, आणि ती त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखतात. आज पिल्लांचा हंगाम नव्हता. तरीही एका नराला मी पाण्याच्या कडेला उभा असलेला पाहिला, मादी पिऊन होईपर्यंत मान वर काढून टेहळणी करताना. ती उडाली, मग त्याने घाईने दोन-तीन घोट घेतले आणि तिच्यामागे गेला.

पौष पौर्णिमा, मैलारपूर

दुपारपासून नळदुर्गाच्या रस्त्यावर माणूसच माणूस. सोलापूरकडून, उमरग्याकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून. भंडाऱ्याने रस्ता पिवळा, खोबऱ्याचे तुकडे पायाखाली, आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ची आरोळी एका टोकाला संपायच्या आत दुसऱ्या टोकाला उठते. दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे धनगर कुटुंब होतं. नवरीच्या हातात अजून हिरवा चुडा. तिच्या सासूने तिला बाणाईची गोष्ट सांगायला घेतली: देवाने कशी मेंढरं राखली, म्हाळसा कशी चिडली. सून म्हणाली, ‘‘मला म्हाईतय, आमच्यात बी सांगत्यात.’’ मग तिनेच पुढची सांगितली, सासूपेक्षा रंगवून. सासू ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, ‘‘आमच्यात म्हाळसा यवढी भांडत न्हाई.’’ बरोबरचा तरुण नवरा दोघींच्या पिशव्या धरून उभा होता. गाभाऱ्याशी पोचेपर्यंत दोन घरच्या दोन कथा मला मिळाल्या. दोन्ही वहीत उतरवून घेतल्या आहेत.

रात्री आत्याबाई मला म्हणाल्या, ‘‘देव माघारी येतेत तवर राह्य की.’’ राहणार आहे. मधल्या दिवसांत मात्र सोलापूर गाठायचं आहे: संक्रांतीच्या तोंडावर सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामेश्वर विरागी. एका कुंभारकन्येने त्यांनाच वरायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला परवानगी दिली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीने तो विवाह आजही दरवर्षी लागतो. पुढच्या भागात त्या मुलीबद्दल.