कोरडी माशी

निवृत्त माणसाने माशा माराव्यात असा रिवाज आहे. मी माशा बांधतो. परभणीत हे वाक्य उच्चारले की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग हळूच आमच्या सौभाग्यवतीकडे पाहतो. तिला आता सवय झाली आहे. "बांधू द्या," ती म्हणते, "घरात बसून बांधतात. कुणाला त्रास नाही."

ह्या माशा खोट्या. बारीक गळावर दोरा आणि पीस गुंडाळून असा किडा करायचा, की माशाला तो खरा वाटावा. तो बुडता कामा नये, पाण्यावर उभा राहिला पाहिजे. म्हणून साहेब त्याला 'ड्राय फ्लाय' म्हणतो. कोरडी माशी! फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या इंग्रजाने १८८६ साली ह्या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. त्याच्याकडे नद्या बारमाही, तेव्हा माशी कोरडी आहे हे मुद्दाम सांगावे लागले असेल. आमच्याकडे मे महिन्यात नदीच कोरडी असते, माशीचे काय घेऊन बसलात!

बरे, ही माशी ज्या ट्राउट माशासाठी, त्याला पाणी २० अंशांच्या आतले लागते. इंग्रजांनी तो काश्मिरात नेला, निलगिरीत नेला. परभणीच्या ४२ अंशांत आणला असता तर गळाची गरजच नव्हती, थेट रस्साच निघाला असता.

मग हा उद्योग कशासाठी? आमचा नातू कोलोरॅडोत असतो. वय वर्षे ११. दर रविवारी फोनवर आमचे संभाषण होते.

"जेवलास का?"

"यस."

"शाळा काय म्हणते?"

"फाइन."

पुढे तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो, आणि मध्ये साडेअकरा तासांचे अंतर शांतपणे पसरलेले असते. एकदा सूनबाई म्हणाली, हा बापाबरोबर ट्राउट धरायला जातो. मी आपले विचारले, "गळाला काय लावतोस रे?" आणि पोरगा ४० मिनिटे बोलला! त्यातले निम्मे मला कळले नाही. पण त्याचा आवाज इतका सलग मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फोन ठेवला आणि कोंबडीवाल्याकडे गेलो.

पीस कोंबड्याचेच लागते, तेही मानेचे. कोंबडीचे मऊ असते, पाणी पिते. कोंबड्याचे ताठ, त्याच्या केसरांवर माशी पाण्यावर उभी राहते. (अंगात काही नसले तरी मान ताठ ठेवायची, हा गुण नरजातीत सर्वत्र आढळतो, असे सौभाग्यवतीचे मत.) आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसे साहेबाला सामन माशाच्या गळासाठी फार प्रिय होती. १९७२ च्या कायद्याने त्या कोंबड्याची मान सुटली. गावठी कोंबड्याला असा कायदा नाही. कोंबडीवाल्याने मला पिसे फुकट दिली आणि वर सल्ला दिला, "सर, पिसं काय न्यायलात? तंगडी न्या की!"

गळ धरायला पक्कड. तिच्या दांड्यांना रबर बँड गुंडाळला की ती आपण होऊन गळ धरून ठेवते. दोरा शिलाई मशीनचा, त्याला मेण चोळलेले. राहता राहिला प्रश्न, कुठला किडा करायचा? त्याचे उत्तर पूर्णेकाठच्या एका म्हाताऱ्या भोयाने दिले. "रोहिणीचा पाऊस पडला का वाळवीला पख फुटतेत बगा. पाण्यावर पडती ती. मग मासे येड्यावानी उड्या मारतेत." हॅलफर्डने ह्याच गोष्टीला किती पाने घेतली! मी तपकिरी दोऱ्याचे अंग केले, दुधाच्या पिशवीचे लांब पंख कापले, पुढे पिसाचे दोन वेढे दिले.

मे अखेरीस नातू आला. येलदरी धरणाखालच्या डोहावर आम्ही तिघे बसलो: तो, मी आणि भोईमामा. आदल्या रात्री वळीव पडून गेला होता. भोईमामाने लांब बांबू दिला. त्याच्या टोकावरून पोराने माशी अलगद पाण्यावर टेकवली. बोटभर लांबीचा रुपेरी मासा चकाकून वर आला आणि लागला. आमच्या घरात माळ आहे, तेव्हा पोराने तो हळूच सोडून दिला.

"एवढ्यासाठी अमेरिकेहून आले व्हय?" भोईमामा म्हणाले. नातू हसला. त्याला 'व्हय' फार आवडले. दिवसभर तेच चालले होते.

तिकडे प्रत्येक माशीला नाव असते म्हणे, ॲडम्स, क्विल गॉर्डन असे काहीबाही. त्याने हिचे नाव विचारले. मी म्हटले, "परभणी." 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे त्याला समजावताना आमचे जेवण थंड झाले.

जाताना त्याने सुपारीच्या डबीत सहा माशा नेल्या. परवाच्या रविवारी फोन लागल्या लागल्या, मी 'जेवलास का' म्हणायच्या आत तोच म्हणाला, "आजोबा, दोन परभणी झाडात अडकल्या. एक मोठा मासा घेऊन गेला. अजून बांधा, व्हय?"