गायरानावरचा गोल्फ

अण्णा मे महिन्यात पुनावळ्याहून आमच्याकडे एडिंबराला आले. रात्रीचं जेवण झालं तरी बाहेर लख्ख उजेड असायचा, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना घराजवळच्या ब्रंट्सफील्ड लिंक्सवर घेऊन गेलो. उताराची हिरवळ, तिच्यावर जागोजागी छोटी निशाणं. एक आजोबा नातीला स्टिक कशी धरायची ते दाखवत होते. पलीकडे कॉलेजची दोन पोरं चेंडू शोधत होती. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पावती कुठं फाडायची?”

पावती नाही. इथे उन्हाळ्यात छत्तीस छोट्या होलचं मैदान असतं आणि खेळायला पैसे पडत नाहीत. स्टिक आणि चेंडू तेवढा आपला आणायचा. पुण्यात विमानतळाकडे जाताना येरवड्याला गोल्फ क्लब चौक लागतो, त्यापलीकडे गोल्फशी आमच्या घराचा कधी संबंध आला नव्हता. हा खेळ म्हणजे कुंपण, फाटक आणि सभासदत्व, हेच आम्ही धरून चाललेलो. इथे मात्र माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून आली की जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली स्टिक खांद्यावर टाकून पळते.

रविवारी आम्ही सेंट अँड्र्यूजला निघालो. फोर्थचा 1890 सालचा लाल पूल ओलांडत तासाभरात गाडी लूकर्सला पोहोचते, तिथून बस. सेंट अँड्र्यूजचं ‘ओल्ड कोर्स’ म्हणजे जगभरच्या गोल्फवाल्यांची पंढरी. पण रविवारी तिथे खेळ बंद असतो. मोठी स्पर्धा नसेल तर मैदान फिरायला मोकळं. बाबागाड्या, कुत्री, डबे घेऊन आलेली कुटुंबं. ज्या हिरवळीवर चेंडू मारायला माणसं अमेरिकेहून आणि जपानहून येतात, तिच्यावरून अण्णा हात मागे बांधून, शेताच्या बांधावरून चालावं तसे चालत होते.

मी त्यांना दर सांगितला. 2025 च्या हंगामात ओल्ड कोर्सवर एका फेरीचे पाहुण्याकडून 340 पौंड घेत होते, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या घरात. तेवढे मोजायची तयारी असली तरी वेळ मिळेलच असं नाही, बऱ्याच जणांना सोडतीत नाव घालावं लागतं. आणि गावातल्या माणसाला? साधारण तेवढ्याच पैशांत वर्षभराचा पास. तोही एका नाही, गावच्या सातही मैदानांचा. शाळेतला शिक्षक, बेकरीतली बाई, निवृत्त पोस्टमन, सगळ्यांना तोच दर.

“गावाला एवढी सवलत का देतात?” अण्णांनी विचारलं. मला वाटतं, सवलत हा शब्दच इथे चुकतो. जमीन त्यांची आहे.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतं यांच्या मधली वाळूची गवताळ पट्टी. गाव तिथे गुरं-मेंढरं चारायचं, ससे धरायचं, कपडे वाळत घालायचं आणि चेंडू मारायचं. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टनने लिहून दिलेल्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. पुढे नगरपालिका कर्जात बुडाली आणि 1797 साली ही जमीन तिच्या हातून गेली. ती सशांचा धंदा करणाऱ्यांकडे आली. सशांनी मैदानभर बिळं केली, गावकरी आणि व्यापारी यांच्यात मारामाऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. 1821 साली शेजारच्या जमीनदाराने, जेम्स चीपने, लिंक्स विकत घेतलं आणि खेळ वाचला. शेवटी 1894 साली संसदेने कायदा केला आणि लिंक्स पुन्हा गावाच्या हाती आलं. पाहुण्यांकडून पैसे घ्यायला 1913 साली सुरुवात झाली. गावकरी तर 1946 पर्यंत फुकट खेळत होते. 1974 पासून एक न्यास हे सगळं सांभाळतो, आणि आलेला पैसा मैदानांवरच खर्च होतो.

अण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग वाकून त्यांनी हिरवळीच्या कडेची चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि सोडून दिली. “नुसती रेती हाय. हितं काय पिकणार न्हाई. म्हणून गायरान ठेवली आसंल.” माझ्या सगळ्या सनावळ्यांपेक्षा हे नेमकं होतं. नांगराखाली येत नाही ती जमीन सगळ्यांची, हा हिशोब त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

मी एडिंबराचा रहिवासी, त्यामुळे सेंट अँड्र्यूजला मीही पाहुणाच. मला पूर्ण दर पडतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. ताजमहालच्या खिडकीवर भारतीयाला 50 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 1,100 रुपये पडतात, ते आपण रास्तच मानतो. पाहुण्याने भरपूर द्यावं आणि त्या पैशातून गावाच्या पोरांचा खेळ स्वस्त राहावा, यात अन्याय नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा गावातलाच माणूस आपल्या गावात पाहुण्याच्या दराने खेळतो.

पुनावळ्यात तेच होऊ लागलं आहे. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. हिंजवडीला आयटी आली, हायवेच्या अल्याड-पल्याड टॉवर उभे राहिले. आम्ही लहानपणी पीक निघालेल्या कुणाच्याही वावरात स्टंप ठोकायचो. आज माझा पुतण्या टर्फवर खेळतो, ताशी हजार रुपये. दहा पोरं शंभर-शंभर काढतात. ज्याच्याकडे शंभर नाहीत तो जाळीबाहेर उभा राहतो. पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या कागदावर उभा असलेला इथला पास पाहिला की ते जाळीबाहेरचं पोरगं मला आठवतं.

गाव जागं झालं की काय होतं, हेही पुनावळ्याने पाहिलेलं आहे. कचरा डेपोच्या आरक्षणाविरुद्ध 2023 साली मूळ गावकरी आणि सोसायट्यांतली माणसं एकत्र रस्त्यावर उतरली होती. नको ते अडवायला आपण एक होतो. हवं ते मागायलाही तसंच एक व्हायला हवं, आणि त्याची जागा विकास आराखड्यात आहे. शेती गेली ती गेली. आता नकाशावर मैदान म्हणून जो तुकडा हिरवा रंगवलेला असतो, तेच आपलं उरलेलं गायरान.

परतताना अण्णांना ‘हिमालया’वर नेलं. ओल्ड कोर्सला लागूनच चढउतारांची एक हिरवळ आहे, तिचं नावच हिमालया. 1867 साली सुरू झालेल्या बायकांच्या क्लबची ती जागा. थोडक्या पौंडांत कुणीही तिथे पटिंग करू शकतं. अण्णांनी चेंडू हळूच ढकलला. तो टेकाड चढला, थबकला आणि परत त्यांच्या बुटाशी आला. त्यांनी पुन्हा ढकलला. अठरा होल पूर्ण होईपर्यंत ते हलले नाहीत.

जूनमध्ये अण्णा परत गेले. महापालिकेचा नवा प्रारूप विकास आराखडा मे महिन्यातच जाहीर झाला होता आणि हरकती-सूचनांसाठी साठ दिवस होते. एका संध्याकाळी पुतण्याने फोनवर फोटो पाठवला. फुलस्केप कागद, अण्णांचं तिरकं अक्षर. मजकूर दोनच ओळींचा होता: गावात मुलांसाठी खेळाचं मोकळं मैदान राखून ठेवावं, आणि तिथे खेळायला पैसे घेऊ नयेत. खाली सह्या. पहिली अण्णांची, त्याखाली पुतण्याच्या टीममधल्या पोरांच्या वडिलांच्या.