भिंतीच्या पोटातलं पाणी

टोरोंटोतली एखादी इमारत कोणत्या दशकातली, हे ओळखायला मी तिची उंची बघत नाही. खिडकीच्या चौकटीपाशी हात घालून भिंतीची जाडी चाचपते. इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचं काम माझं: भिंती, खिडक्या, गॅलऱ्या, छप्पर. थोडक्यात, गळायला लागलं की आम्हाला बोलावतात. कॅनडाची शहरं कशी बदलली हे सांगताना लोक टॉवरांकडे बोट दाखवतात. मला तो बदल भिंतीच्या पोटात दिसतो, आणि तो सगळाच प्रगतीचा आहे असं काही म्हणवत नाही.

जुन्या टोरोंटोची भिंत विटांची. डॉन नदीच्या खोऱ्यातली प्रसिद्ध वीटभट्टी 1889 ची. आज तिथे बाग आहे, शनिवारी बाजार भरतो. त्या काळातल्या घरांची भिंत साधारण आपल्या नऊ इंची भिंतीएवढी. ती पाणी पिते आणि वाळतेही, कारण दरजांमधला चुना मऊ असतो, ओल त्यातून निघून जाते. एखादा हौशी मालक त्याच दरजा सिमेंटने भरून घेतो. मग ओल विटेतच अडकते, थंडीत गोठते, गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, आणि बर्फ वितळल्यावर विटांचे पापुद्रे पायरीवर पडलेले सापडतात. घर नुसतं नीटनेटकं दिसावं म्हणून केलेल्या खर्चाचं हे फळ!

साठच्या दशकात काँक्रीटचे टॉवर आले. थॉर्नक्लिफ पार्क, सेंट जेम्स टाउन, फ्लेमिंग्डन पार्क: कॅनडात नव्याने आलेल्या कितीतरी भारतीय कुटुंबांचा पहिला पत्ता यांपैकीच एखादा. टोरोंटोत असे टॉवर हजाराहून अधिक आहेत. सांगाडा अजून ठणठणीत, पण आतला स्लॅब सलग तसाच बाहेर गॅलरीपर्यंत गेलेला. हिवाळ्यात बाहेर उणे पंधरा असताना तो घरातली ऊब अखंड बाहेर ओढत असतो. आतल्या कोपऱ्यात दव धरतं, मग काळी बुरशी. भाडेकरूला सांगितलं जातं, ‘स्वयंपाक करताना खिडकी उघडत जा.’ दोष स्लॅबचा, बोल फोडणीला. इंधन स्वस्त होतं तोवर याची कुणाला फिकीर नव्हती. 1973 च्या तेलसंकटानंतर भिंतीत उष्णतारोधक थर आणि आतून प्लॅस्टिकचा कागद हळूहळू नेहमीचा झाला.

त्या कागदाने व्हँकुव्हरमध्ये घात केला. एकट्याने नाही, संगनमताने. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे तीन-चार मजली लाकडी सांगाड्याच्या कोंडो (फ्लॅटगणिक वेगळा मालक असलेल्या) इमारती भराभर उठल्या. रूप कॅलिफोर्नियातलं: गुळगुळीत गिलावा, सपाट माथा, वळचण नावालाही नाही. आणि पाऊस पॅसिफिक किनाऱ्याचा, महिनोन्‌महिने चालणारा. कोकणातल्या गवंड्याने असं घर बांधायला हात लावला नसता. पाणी सपाट भिंतीतून फारसं शिरलं नाही. शिरलं ते सांध्यांतून. खिडकीचा खालचा कोपरा, गॅलरीचा कठडा भिंतीला भिडतो ती जागा. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, कारण बाहेरून गिलावा आणि आतून तो कागद. गिलाव्याचा चौकोन कापून मागच्या लाकडी फळीत स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत जायचा. इमारतीच्या इमारती ताडपत्र्यांत गुंडाळलेल्या असत. लोकांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली. 1998 मध्ये प्रांताचे माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. यावरचा उपाय कॅनडाच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1963 मध्ये छापला होता. जी. के. गार्डन यांची ती छोटी पुस्तिका आजही आम्ही नव्या मुलांना वाचायला देतो. पाणी शंभर टक्के अडवायचा अट्टहास करू नका. बाहेरचा थर आणि आतली भिंत यांत पोकळी ठेवा, आलेलं पाणी खाली निथळू द्या. एवढंच! पाऊण इंचाची फट. ती व्हँकुव्हरच्या बांधकाम नियमांत यायला नव्वदचं दशक उजाडलं, तेही घरं कुजल्यावर.

आता काचेचे टॉवर. टोरोंटोत जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर ते रांगेने उभे आहेत. 2011 च्या उन्हाळ्यात काही कोंडोंच्या गॅलऱ्यांच्या काचा फुटून रस्त्यावर पडल्या, मग ओंटारिओने त्या काचांचे नियम कडक केले. मला चिंता वाटते ती न पडणाऱ्या काचांची. दुहेरी काचेचं सील साधारण वीस-पंचवीस वर्षं टिकतं. नंतर मधे धुकं साचतं आणि काच बदलण्यावाचून इलाज राहत नाही. चाळिसाव्या मजल्यावर, झुल्यावरून, एकेक.

दुरुस्ती होऊच शकत नाही असं नाही. हॅमिल्टनमधला केन सोबल टॉवर 1967 चा, 18 मजली, ज्येष्ठांसाठीचा. तो पाडायच्या ऐवजी सगळा नवा जाडजूड उष्णतारोधक थर चढवला, खिडक्या बदलल्या, आणि 2021 मध्ये लोक पुन्हा राहायला आले. आता त्याला तापवायला पूर्वीच्या मानाने नाममात्र ऊर्जा लागते. पण त्या टॉवरचा मालक एक होता, सार्वजनिक गृहनिर्माण संस्था. तिने ठरवलं आणि केलं. काचेच्या टॉवरात मालक पाचशे असतात, त्यातले कितीतरी दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात. ओंटारिओच्या कायद्याप्रमाणे दुरुस्ती-निधीचा हिशेब दर तीन वर्षांनी तपासावा लागतो. तो तपासून मी जेव्हा आकडा सांगते, तेव्हा सभेत पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो: हे आणखी पाच वर्षं ढकलता येईल का?